जागा पाहावी मे महिन्यात

काही कुटुंबांनी मिळून गावाकडे स्वावलंबी वस्ती उभारायची, तर मुलूख कोणता निवडावा? श्रावणातल्या हिरवाईवर भाळू नका; जागा पाहायला मे महिन्यात जा. विहिरीत डोकावून पाणी किती हात उरलंय ते बघा. कोकणात ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी सड्यावरच्या जांभ्यातून तो झिरपून जातो आणि उन्हाळ्यात कित्येक वाड्यांना टँकर लागतो.

मला पावसापेक्षा गावाची शिस्त मोलाची वाटते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला पाऊस जेमतेम ४०० मिलिमीटर. पण तिथली ग्रामसभा दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवते. शेतीसाठी बोअर मारायला बंदी आहे.

आणि हो, व्यवहाराआधी सातबारा नीट वाचा. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहसा विकत घेता येत नाही.