व्यसनोपचार आणि एड्सचे निवारण



आजच्या विषयाच्या नावात दोन रोग आहेत, आणि दोहोंचाही उच्चार आपण घरात दबक्या आवाजातच करतो. ह्या दोन रोगांची गाठ कशी पडते आणि ती सोडवण्याचा एक मार्ग संशोधकांना कसा सापडला, एवढेच मला आज सांगायचे आहे.

आपल्या इकडे व्यसन म्हटले की दारू आणि तंबाखू डोळ्यांपुढे येतात. मी बोलणार आहे ते अफूच्या घराण्यातल्या व्यसनाविषयी, म्हणजे हेरॉइनविषयी, आणि त्यातही ते सुईने शिरेत टोचून घेणाऱ्यांविषयी. १९८० नंतर मुंबई-पुण्याकडे जो गर्द पसरला तो बहुतांशी धूर करून ओढला जाई. धुराने माणसाची माती होते. पण त्या धुरातून एच.आय.व्ही.चा विषाणू एकाच्या देहातून दुसऱ्याच्या देहात जात नाही. सुईची गोष्ट निराळी.

शीर सापडली की नाही हे पाहण्यासाठी टोचणारा पिचकारीचा दट्ट्या किंचित मागे ओढतो. त्याबरोबर थोडे रक्त आत येते. मग द्रव्य शिरेत सोडले तरी सुईच्या पोकळीत रक्ताचा अंश उरतोच. तीच पिचकारी शेजाऱ्याच्या हातात गेली की तो अंश थेट त्याच्या रक्तात उतरतो. आता हिशेब करा. हेरॉइनचा अंमल चार-सहा तासांत उतरतो. तो उतरला की जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात मुरडा, पायांत गोळे, आणि झोप म्हणून नाही. दिवसाला तीनच वेळा धरले, तरी वर्षाला हजारावर टोचण्या झाल्या. अशा तडफडीत पहाटे चार वाजता कोणी नवी सुई शोधीत बसत नाही. हाताशी असेल ती घेतो.

याचा परिणाम आपल्याच देशात मणिपूरने पाहिला. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवरून तिथे हेरॉइन येई आणि ते टोचून घेण्याची रीत पडलेली होती. १९८९ च्या सप्टेंबरापर्यंत तिथल्या सुई टोचणाऱ्यांच्या तपासलेल्या रक्तात हा विषाणू आढळला नव्हता. पुढच्या सहा महिन्यांत तो निम्म्यांच्या रक्तात आढळू लागला. स्कॉटलंडमधल्या एडिंबरोत त्याआधी असेच झाले होते. पोलिसांनी सुया जप्त करण्याचा सपाटा लावला, विकत मिळणेही दुरापास्त झाले. सुया कमी झाल्या, टोचणारे तेवढेच राहिले. १९८६ साली तिथल्या एका दवाखान्यातील १६४ व्यसनींच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा निम्म्याहून थोडे अधिक बाधित निघाले. चोरावर नजर ठेवता ठेवता घराला आग लागावी, तसा हा प्रकार.

आता उपचाराकडे येतो. गंमत अशी की, हा उपचार एड्सचे नाव कोणी ऐकण्यापूर्वीचा आहे. १९६४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत व्हिन्सेंट डोल आणि मेरी नायस्वान्डर ह्या दोन डॉक्टरांनी हेरॉइनच्या व्यसनींना मेथाडोन हे औषध तोंडावाटे, रोज एकदा, ठरलेल्या मात्रेत देऊन पाहिले. मेथाडोन अफूच्याच जातीचे. पण त्याचा परिणाम दिवसभर टिकतो, त्याने अंमलाची लाट चढत नाही आणि उतरल्याची तडफडही होत नाही. पुढल्याच वर्षी त्यांनी २२ रुग्णांचा वृत्तांत छापला. डोल हे मूळचे देहातील चयापचयाचे अभ्यासक. त्यामुळे ह्या माणसांकडे त्यांनी मधुमेह्याकडे पाहावे तसे पाहिले, गुन्हेगाराकडे पाहावे तसे नव्हे. माझ्या मते ह्या संशोधनातले खरे धाडस ह्या दृष्टीतच होते. औषध तर आधीपासून बाजारात होते.

पुढे एड्स आला, आणि जुन्या उपचाराला नवा प्रश्न विचारला गेला: ह्याने विषाणू अडतो काय? १९८८ साली अमेरिकेच्या तीन शहरांतील सहा केंद्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभर किंवा अधिक काळ उपचारात टिकलेल्यांपैकी ७१ टक्के लोकांनी टोचणे थांबवले होते. आणि उपचार सोडून गेलेल्यांपैकी ८२ टक्के लवकरच पुन्हा सुईकडे वळले. त्यानंतर फिलाडेल्फियात उपचार घेणारे १५२ आणि न घेणारे १०३ अशांची १८ महिने पाठ धरली गेली. आरंभी निरोगी असलेल्यांत विषाणू नव्याने किती जणांना लागला? उपचारातल्यांपैकी ३.५ टक्क्यांना आणि बाहेरच्यांपैकी २२ टक्क्यांना. हे १९९३ साली छापले गेले.

कोणी चिकित्सक श्रोता विचारील की, जे आपण होऊन दवाखान्यात आले ते मुळातच जपून वागणारे असतील. मग श्रेय औषधाचे कसे? शंका रास्त आहे. चिठ्ठ्या टाकून माणसे वाटली नव्हती. पण निरनिराळ्या देशांत असेच पाहणे पुन्हा पुन्हा झाले, आणि २०१२ साली ते सारे एकत्र मांडले तेव्हा ह्या उपचाराने विषाणूचा धोका सुमारे ५४ टक्क्यांनी घटतो असे निघाले.

आता खरा आक्षेप. एक विष काढून दुसरे दिले, ह्याला व्यसनमुक्ती म्हणायचे काय? आपल्या मनात हे येणे साहजिक आहे. आपल्याकडे सुटकेचे चित्र माळेचे आहे. माणसाने पंढरीची माळ घातली, दारू सुटली, संसार मार्गी लागला. अशी उदाहरणे आपल्या गावोगाव आहेत आणि त्यांना माझा नमस्कार आहे. पुण्याच्या ‘मुक्तांगण’मध्ये १९८६ पासून पूर्ण सोडण्याच्याच वाटेने असंख्य माणसे उभी राहिली. पण माळ तुटली तर? दारूवाल्याची माळ तुटली तर तो पुन्हा घालू शकतो. सुईवाल्याची तुटली तर त्या एका रात्रीत जो विषाणू रक्तात शिरतो तो पुन्हा निघत नाही. आजची औषधे त्याला जन्मभर दाबून ठेवतात, इतकेच. म्हणून ‘सोडले का?’ असे विचारणाऱ्या आप्ताने त्याच्या जोडीला ‘केंद्रात जातोस ना?’ हेही विचारावे. जो अजून महिन्यातून एकदा टोचतो पण रोज औषधाला येतो, त्याच्या हजार टोचण्यांच्या बारा झाल्या. उपचार फसला असे त्याच्याविषयी म्हणणे म्हणजे गणित चुकवणे होय.

अर्थात ह्या औषधाने दारू सुटत नाही, कोकेनचा नादही जात नाही. मात्रा जास्त झाली तर मेथाडोन जीव घेते, म्हणून देखरेख हवीच. तथापि देखरेख वेगळी आणि बंदी वेगळी. रशियात ह्या उपचाराला मनाई आहे. २०१४ साली क्रिमिया रशियाने ताब्यात घेतला आणि तिथली केंद्रे बंद झाली. सुमारे ८०० रुग्णांचे औषध तुटले. ज्यांना जमले ते युक्रेनच्या इतर भागांत गेले. बाकीचे तिथेच राहिले.

आपल्या देशाने हा उपचार २००७-०८ च्या सुमारास राष्ट्रीय एड्स कार्यक्रमात घेतला. आपल्याकडे मुख्यत्वे ब्युप्रेनॉर्फिन हे औषध वापरतात. केंद्रात जावे, परिचारिकेसमोर गोळीची पूड जिभेखाली धरावी, विरघळेपर्यंत बसावे आणि कामाला लागावे. पैसे लागत नाहीत. तरीही २०२१ च्या पाहणीत सुई टोचणाऱ्यांत सुमारे ९ टक्के बाधित निघाले. साऱ्या देशाच्या प्रौढांत हे प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. अडचण बहुधा औषधाची नसते, वेळेची असते. रोजंदारीवर जाणाऱ्याला सकाळी सातला नाक्यावर उभे राहावे लागते आणि केंद्र दहाला उघडते. तो एक दिवस चुकतो, दुसरा चुकतो, तिसऱ्या दिवशी अंग मोडून येते आणि सुई काही दहापर्यंत थांबत नाही. २०२० च्या टाळेबंदीत काही दिवसांची गोळी घरी नेऊ देण्याची सवलत मिळाली होती. भरवशाच्या रुग्णाला ती कायम मिळावी आणि केंद्र कामगाराच्या वेळेला उघडावे, ह्या दोन गोष्टींना नवे संशोधन लागत नाही.