शिल्पाचा अर्थ लावताना



चौकात पुतळा दिसला की पाहणारा पहिला प्रश्न विचारतो, "हा कोणाचा?" थोर पुरुषांच्या पुतळ्यासमोर हा प्रश्न रास्तच आहे. नाव कळले की मस्तक आदराने लवते. परंतु स्वातंत्र्योत्तर काळात देशात अशीही भव्य शिल्पे उभी राहिली, की ज्यांच्यापुढे हा प्रश्न अपुरा पडतो. ती कोणा एका व्यक्तीची नाहीत. ती एक विचार मांडतात. तो विचार उमगला नाही, तर लोक एकतर पाठ फिरवतात किंवा थट्टा करतात. लोकांच्या जागेवर, लोकांच्या पैशाने उभ्या राहिलेल्या वस्तूविषयी अशी उदासीनता परवडणारी नाही.

नदी आणि दोन बालके

धुळे जिल्ह्यातील गोंदूर गावी 1925 साली जन्मलेले राम सुतार हे नर्मदाकाठच्या 182 मीटर उंच सरदार पटेल पुतळ्याचे शिल्पकार म्हणून सर्वांना परिचित आहेत. त्यांच्या आरंभीच्या मोठ्या कामांपैकी एक मध्य प्रदेशात गांधीसागर धरणावर आहे. तेथे 45 फूट उंचीच्या मातेच्या रूपात चंबळ नदी उभी असून तिच्यापाशी दोन बालके आहेत. ही बालके म्हणजे मध्य प्रदेश आणि राजस्थान. चंबळ योजनेचा लाभ या दोन राज्यांनी वाटून घ्यावयाचा होता. पाणीवाटपाचा करार कागदावर असतो. शिल्पकाराने त्या कराराला नात्याचे रूप दिले. एका पाण्यावर हक्क सांगणारी ही दोघे परस्परांची भावंडे आहेत, असे ते शिल्प सांगते. हेच शिल्प एखाद्या शहरातील बागेत नेऊन ठेवले, तर ते केवळ माता व बालकांचे चित्र उरेल. स्थळ हा शिल्पाच्या अर्थाचा निम्मा भाग असतो.

कुबेराचे सेवक

नवी दिल्लीत रिझर्व्ह बँकेच्या प्रवेशद्वारी शांतिनिकेतनचे शिल्पकार रामकिंकर बैज यांनी घडविलेले यक्ष आणि यक्षी उभे आहेत. पुराणकथांत यक्ष हे कुबेराच्या संपत्तीचे रक्षक. म्हणून बँकेच्या दारी त्यांची योजना उचितच होय. रूपासाठी शिल्पकाराने मथुरेच्या परिसरातील व बेसनगर येथील प्राचीन मूर्तींचा आधार घेतला. मात्र यक्षाच्या हाती यंत्राचे चाक दिले आणि यक्षीच्या हाती धान्याची लोंबी. देशाची संपत्ती तिजोरीत निर्माण होत नाही, ती कारखान्यात व शेतात निर्माण होते, हा या जोडीचा आशय आहे.

यक्षीच्या विवस्त्र रूपावर त्या काळी आक्षेप घेण्यात आला आणि तो विषय संसदेपर्यंत गेला. लोकांनी प्रश्न विचारणे गैर नाही. परंतु प्रश्नाला उत्तर देणारा, परंपरेचा धागा दाखविणारा कोणीतरी जवळ असावा लागतो. ते काम शिक्षकाचे आहे, तसेच अधिकाऱ्याचेही आहे.

मोकळा हात

चंडीगड येथील 'मोकळा हात' या शिल्पात तर मानवाकृतीही नाही. या नगरीचे रचनाकार ल कॉर्बुझिए यांच्या मनात ही कल्पना अनेक वर्षे घोळत होती. 1965 साली त्यांचे निधन झाले आणि शिल्प प्रत्यक्ष उभे राहिले 1985 साली. जमिनीपासून त्याची उंची 26 मीटर असून त्यातील हात 14 मीटरांचा आहे. धातूचा हा प्रचंड पंजा वाऱ्याबरोबर फिरतो.

मराठीत 'मुक्तहस्ते' म्हटले की देणे आठवते. हा हात देणारा आहे, तसाच घेणाराही आहे. मूठ वळली की काही देता येत नाही आणि काही घेताही येत नाही. कोणाला त्यात उडता पक्षी दिसतो. तोही अर्थ चुकीचा नव्हे, कारण शांतीचा संकेत त्या आकारातच आहे. पण केवळ वर पाहून भागत नाही. हाताच्या पायथ्याशी जमिनीखाली उतरणारे एक खोलगट प्रांगण आहे. नागरिकांनी तेथे जमावे, सार्वजनिक प्रश्नांचा विचार करावा, अशी मूळ योजना होती. माणसे जमली आणि बोलू लागली, म्हणजे ते शिल्प पूर्ण होते.

चार प्रश्न

विद्यार्थ्यांना सहलीस नेणाऱ्या शिक्षकाने शिल्पापुढे चार प्रश्न विचारावेत. ते याच जागी का आहे? त्याच्या हाती काय आहे, किंवा ते काय करीत आहे? आपल्या परंपरेतील कोणत्या रूपाची ते आठवण देते? आणि पाहणाऱ्याने कोठे उभे राहावे, अशी त्याची अपेक्षा आहे? उत्तरे निरनिराळी आली तरी बिघडत नाही. मात्र ती समोरच्या आकारातून निघालेली असावीत.

पंचायतीने गावात स्मारक उभारावयाचे ठरविले, तर चौथऱ्याचे माप घेण्यापूर्वी हेच प्रश्न ग्रामसभेपुढे ठेवावेत. उंची किती, खर्च किती, हे हिशेब नंतरही होतील. काय सांगावयाचे आहे, हे आधी ठरले पाहिजे. चौथरा एकदा बांधला की गावाची ती जागा पुढील पिढ्यांसाठी गुंतून पडते. त्या पिढ्यांनी "हे येथे का?" असे विचारले, तर उत्तर देणारी माणसे तेव्हा नसतील. उत्तर शिल्पातूनच मिळाले पाहिजे.