कॉलेजचा पहिला आठवडा

बारावीचा निकाल लागला की मानोरा तालुक्यातल्या खेड्यांत आणि तांड्यांवर एकच विषय असतो, प्रवेश कुठे घ्यायचा? प्रवेश मिळाला की घरचे निर्धास्त होतात. खरी कसोटी मात्र पुढेच असते. कॉलेजची पायरी चढणारी ती घरातली पहिलीच मुलगी असेल, तर तिथली रीत तिला सांगणार कोण?

पूर्वी स्वागत समारंभ म्हणजे प्राचार्यांचे भाषण, गुलाबपुष्प आणि चहा. बाकीचे नोटीस बोर्ड सांगे, नाहीतर सीनियर. त्यांत आधार देणारे होते, तसे छळणारेही होते. म्हणून महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा केला. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली. २००९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने नियम कडक केले. विद्यार्थ्यांबरोबर पालकांचेही हमीपत्र आले.

पुढे २०१९ मध्ये आयोगाने ‘दीक्षारंभ’ ही मार्गदर्शिका काढली. मुलांची आपसांत ओळख व्हावी, शिक्षकांशी नाते जुळावे, संस्थेचे नियम कळावेत, हा तिचा हेतू.

आता तर सांगण्यासारखे पुष्कळ आहे. नव्या शैक्षणिक धोरणात क्रेडिटची पद्धत आहे. घरच्या अडचणीमुळे पहिल्या वर्षानंतर थांबावे लागले, तरी प्रमाणपत्र मिळू शकते आणि पुढे परतताही येते. पण त्यासाठी वर्षाच्या क्रेडिटखेरीज कौशल्याची आणखी चार क्रेडिट लागतात. ही अट सुरुवातीलाच कळली नाही, तर मुलगी रिकाम्या हाताने घरी बसते. शिष्यवृत्तीचेही तसेच. विमुक्त जातींतल्या मुलांना ती आहे. मात्र दाखले गोळा करून महाडीबीटी पोर्टलवर अर्ज मुदतीत भरावा लागतो.

माझे म्हणणे एवढेच, की ही माहिती एका दिवसाच्या भाषणात उरकू नये. उशिरा प्रवेश घेणाऱ्यांसाठी कार्यक्रम पुन्हा घ्यावा. तांड्यावरून आधी शिकायला आलेल्या मुलामुलींनी नव्यांना गोरमाटीत, वऱ्हाडीत समजावून सांगावे. पालकांनाही एक दिवस बोलवावे. हमीपत्रावर सही घेताना त्यांना खुर्ची द्यावी, आणि मुलगी काय शिकणार आहे तेही सांगावे. म्हणजे अडचण आली तर शिक्षण थांबवण्याआधी ते कॉलेजात येऊन विचारतील.