गोष्टीतला माणूस जिवंत कसा होतो?

गोष्ट ऐकून झाल्यावर एखादी म्हातारी म्हणते, "अगदी आपल्या गावातलाच माणूस वाटला, बाई!" कथाकाराला याहून मोठी पावती नाही. ती कशी मिळवावी, याचा आज थोडा विचार करू.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यातली मुले कथा लिहू लागली, की तिच्यात शेतकरी येतो. येणारच, हा कापसाचा मुलूख. पण तो येतो 'गरीब, कष्टाळू, कर्जबाजारी' अशी तीन विशेषणे पांघरून, आणि शेवटच्या ओळीत जीव देतो. हे दुःख खोटे नाही; आपल्या जिल्ह्याने ते फार सोसले आहे. पण जो गोष्टीत जगलाच नाही, त्याच्या मरणाने कोणाचे काळीज हलणार? तो नुसता आकडा ठरतो. आकडे तर सरकारी दप्तरातही असतात. कथेचे काम त्या आकड्याचा पुन्हा माणूस करण्याचे आहे.

उद्धव शेळके यांची 'धग' ही कादंबरी 1960 साली प्रसिद्ध झाली. तीतली कौतिक शिंप्याच्या घरची. नवरा महादेव कर्तृत्वाने उणा, घरात दारिद्र्य. पण कौतिक म्हणजे नुसते दारिद्र्य नव्हे. तिला संसार उभा करायचा आहे! ही तिची जिद्द आणि तिच्या आड येणारी परिस्थिती यांच्या ओढाताणीतून ती आपल्यापुढे उभी राहते. म्हणून पहिला प्रश्न हा विचारावा, की या माणसाला काय हवे आहे, आणि ते का मिळत नाही?

दुसरे असे, की माणूस एकरंगी नसतो. कापूस वेचणारी एक बाई घ्या. 'ती प्रेमळ होती' असे लिहू नका. सांजेला मोजणीच्या वेळी तिची नजर काट्यावरून हलत नाही. पावशेरासाठी ती मालकाशी भांडते. आणि तीच, शेजारीण दिवसभर तापाने फणफणली म्हणून, आपल्या ओटीतला कापूस गुपचूप तिच्या गाठोड्यात टाकते. घरी मात्र सासूला सांगत नाही. आता सांगा, प्रेमळ हा शब्द लिहायची गरज उरली का?

तिसरी गोष्ट बोलीची. 'धग'मधली माणसे वऱ्हाडी बोलतात. मात्र नुसते 'मले-तुले' घातल्याने माणूस वऱ्हाडी होत नाही. रागावली की कौतिक कशी बोलेल, आणि कुठे गप्प बसेल, हे लेखकाला ठाऊक हवे.

गुरुजनांना एक विनंती. मुलांना 'शेतकऱ्याचे मनोगत' पुष्कळदा लिहायला दिले. आता एकदा 'आमच्या शेजारचे काका' लिहायला सांगा. अट एकच, विशेषण वापरायचे नाही. काका काय करतात, काय बोलतात, कशापायी अडून बसतात, तेवढेच लिहायचे. मुले आजूबाजूची माणसे निरखू लागतील. आणि ज्याला आपण नीट निरखतो, त्याचे दुःख वेळेवर आपल्या ध्यानात येते. गोष्टीपेक्षाही हा लाभ मोठा आहे.