पगार की स्वतःचा धंदा?

महिन्याचा पगार बरा, की स्वतःचा धंदा?
उत्तरासाठी मुंबईच्या गिरणगावात, लालबाग-परळच्या कापड गिरण्यांच्या वस्तीत जाऊ या.

गिरणीतली नोकरी म्हणजे आयुष्यभराची सोय, असं गिरण्या चालू होत्या तेव्हा वाटे.
त्याच वस्तीत बायका गिरणी कामगारांसाठी खानावळी चालवत.
किराणा उधारीवर.
वर सावकाराचं व्याज.

१९७५ साली सामाजिक कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र आणलं.
अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं.
बँकेचं कर्ज मिळू लागलं.
सावकाराची गरज कमी झाली.

मग आला जानेवारी १९८२.
गिरण्यांचा संप सुरू झाला.
हजारोंच्या नोकऱ्या कायमच्या गेल्या.
आणि खानावळी?
जेवणाऱ्यांच्याच हाती पगार नाही,
तर खानावळीचे पैसे येणार कुठून?

म्हणून लक्षात ठेवा.
पगार असो वा धंदा,
कमाई एकाच दारावर अवलंबून नको.

नोकरी सोडायची आहे?
आधी निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा.
आरोग्य विमा स्वतःच्या नावाने काढा.
शक्य असेल, तर सुट्टीच्या दिवशी धंदा करून पाहा.
एकाच गिऱ्हाइकावर विसंबू नका.

आणि नोकरीतच राहायचं आहे?
जरूर राहा.
पण हाताशी दुसरं कौशल्य असू द्या.

पुन्हा सांगते,
पगार असो वा धंदा,
कमाई एकाच दारावर अवलंबून नको.