अहवालाचा नमुना आणि तो वाचणारा सर्व्हर
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त चार शब्द बोलण्याची संधी आम्हांस दिलीत, याबद्दल आम्ही कार्यकारी मंडळाचे ऋणी आहोत. अशा प्रसंगी शिक्षकाने विद्यादानावर बोलावे असा प्रघात आहे. आम्ही मात्र आज एका रुक्ष विषयाला हात घालणार आहोत. संगणकातील नोंदींवरून अहवाल रचणारी साधने आणि ते अहवाल काढून देणारे सर्व्हर यांच्या आवृत्त्या परस्परांशी जुळणे, हा तो विषय. शिष्यवृत्तीची यादी वेळेवर निघणे किंवा न निघणे हे आता बऱ्याच अंशी त्यावर अवलंबून असते. म्हणून तो या व्यासपीठावर मांडण्यात आम्हांस संकोच वाटत नाही.

प्रथम या यंत्रणेची रचना समजून घेऊ. पूर्वी संस्थेत एक खतावणी असे, तक्त्याचा एक ठरावीक नमुना असे आणि खतावणीतले आकडे त्या नमुन्यात उतरविणारा एक कारकून असे. आज खतावणीच्या जागी डेटाबेस आला आहे व कारकुनाच्या जागी अहवाल-सर्व्हर बसला आहे. नमुना मात्र निराळ्याच यंत्रावर, निराळ्या साधनाने, बहुधा एखादा उत्साही तरुण तयार करतो आणि सर्व्हरच्या हवाली करतो. सारी मेख येथे आहे. नमुना ज्या भाषेत लिहिला ती भाषा कारकुनाला आली पाहिजे.

मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्टिंग सर्व्हिसेसचे उदाहरण घेऊ, कारण लहानमोठ्या अनेक संस्थांत ही व्यवस्था आढळते. ती २००४ साली एसक्यूएल सर्व्हर २००० ची पुरवणी म्हणून प्रथम बाहेर पडली. तिच्यातील नमुन्याची फाईल आरडीएल या नावाने ओळखली जाते. ती साध्या मजकुराची फाईल असून तिच्या आरंभीच आपण कोणत्या पिढीचे हे ती सांगते. अशा पिढ्या आजवर पाच झाल्या : २००३, २००५, २००८, २०१० आणि २०१६. येथे एक गोम आहे. पिढीचे साल व सर्व्हरच्या नावातले साल एकच असते असे नाही. २००८ आर-टू, २०१२ आणि २०१४ हे तिन्ही सर्व्हर २०१० चीच पिढी वापरतात, आणि २०१६ नंतरचे सर्व्हर २०१६ ची. सबब नावावर न जाता फाईल उघडून तिच्या आरंभीच्या ओळी पाहाव्यात, हे उत्तम.

नियम थोडक्यात असा आहे : नवा सर्व्हर जुन्या पिढीचा नमुना वाचतो, जुना सर्व्हर नव्या पिढीचा वाचत नाही. नव्या सर्व्हरवर जुना अहवाल प्रथम चालविला जातो तेव्हा सर्व्हर आपल्यापुरते त्याचे रूपांतर करून घेतो. मूळ फाईल जशीच्या तशी राहते. उलट, जुन्या सर्व्हरपुढे नवी फाईल ठेवली तर तो ती स्वीकारीतच नाही. आपल्या बडोद्यातल्या जुन्या दप्तरांची स्थिती नेमकी याच्या उलट आहे, हे जाणकारांच्या ध्यानात येईल. तेथील मोडी कागद आजच्या बालबोध वाचणाऱ्याला लागत नाहीत; त्यांना जुना जाणकारच शोधावा लागतो. यंत्राने मागच्यांचे ऋण मानले आहे. पुढच्याची भाषा त्याला येणार कोठून?

या नियमाच्या अज्ञानाने काय घडते, त्याचा एक प्रकार आमच्या पाहण्यातला आहे. एका संस्थेत २००८ आर-टू चा सर्व्हर होता. महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलाने विनामूल्य सेवा म्हणून शिष्यवृत्तीच्या यादीचा सुबक नमुना घरी तयार केला. घरच्या संगणकावर २०१६ चा रिपोर्ट बिल्डर होता. यादी द्यावयाच्या दिवशी सर्व्हरने फाईल नाकारली. मग रात्री हाताने यादी उतरविण्यात आली आणि त्या घाईत दोन मुलींची नावे राहून गेली. त्यांना रक्कम पुढे मिळाली खरी, पण पहिल्या सत्राची फी त्यांच्या घरच्यांनी उसनवार करून भरली. सभेत ठपका आला तो त्या मुलावर. त्याने उत्तर केले नाही, आणि पुन्हा तो संस्थेची पायरी चढला नाही.

श्रोतेहो, त्या मुलाचा अपराध कोणता? सर्व्हर कोणत्या आवृत्तीचा आहे हे त्याला कोणी सांगितले नव्हते. कारण ते संस्थेत कोठे लिहूनच ठेवलेले नव्हते. रक्कम उशिरा का होईना पोहोचली. गेलेला कार्यकर्ता मात्र परत आला नाही. हे नुकसान कोणत्या ताळेबंदात दाखवावयाचे?

यावर उपाय आहेत, आणि ते खर्चाचे नाहीत. व्हिज्युअल स्टुडिओमधून अहवाल रचणाऱ्याला प्रकल्पाच्या गुणधर्मांत लक्ष्य सर्व्हरची आवृत्ती निवडता येते. ती निवडली म्हणजे साधन नव्या नमुन्याचे जुन्या पिढीत रूपांतर करून ते ‘बिन’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवते. मूळ फोल्डरातली फाईल मात्र नव्या पिढीचीच असते. पुष्कळजण तीच उचलून सर्व्हरवर चढवितात आणि पुन्हा नकार पदरात घेतात. रिपोर्ट बिल्डरमध्ये अशी निवड करण्याची सोय नाही. तेथे सर्व्हरच्या पिढीचेच साधन वापरावे.

मात्र रूपांतर म्हणजे सर्वस्व नव्हे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली तेव्हाचा हिशेब घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेला असेल. आण्याचे सव्वासहा नवे पैसे. पण पाव पैशाचे नाणे नसल्याने एका आण्याला सहाच मिळत. पावली एकदम मोडली तर २५, आणि एकेक आणा चार वेळा मोडला तर २४. मधला एक पैसा कोणी चोरला नव्हता; तो रूपांतरात गळाला. अहवालाचेही तसेच. वृक्षनकाशा हा आकृतीचा प्रकार २०१६ मध्ये आला. भूनकाशे २००८ आर-टू मध्ये. त्यांना त्याहून जुन्या पिढीत जागाच नाही. म्हणून रूपांतर केलेला अहवाल एकदा डोळ्यांखालून घालावा व बेरजा ताडून पाहाव्यात.

मग जुनाच सर्व्हर धरून बसावे काय? तेही नव्हे. एसक्यूएल सर्व्हर २०१४ ची आधाराची मुदत ९ जुलै २०२४ रोजी संपली. २०१६ साठी १४ जुलै २०२६ ही तारीख ठरली. त्यापुढे, पैसे भरून वाढीव मुदत घेतली नाही तर, सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. रिपोर्टिंग सर्व्हिसेसची २०२२ ही शेवटचीच आवृत्ती असून तिला ११ जानेवारी २०३३ पर्यंत आधार आहे. पुढची वाट पॉवर बीआय रिपोर्ट सर्व्हरची. तेथेही मूळ नियम सुटत नाही. त्या सर्व्हरसाठी पॉवर बीआय डेस्कटॉपची वेगळी आवृत्ती निघते, आणि सर्व्हरच्या जोडीची तीच वापरावी लागते.

आमची ट्रस्टला विनंती एवढीच आहे. कार्यवृत्ताच्या वहीत एक पान राखावे. त्यावर सर्व्हरची आवृत्ती, अहवाल रचण्याचे साधन, मूळ फाईली ठेवल्याची जागा आणि मुदतीची तारीख लिहावी. सर्व्हर हलविण्यापूर्वी त्याच्या सांकेतिक किल्लीची प्रत काढावी, नाही तर साठविलेले परवलीचे शब्द नव्या जागी उलगडत नाहीत. यादीच्या तारखेपूर्वी एक आठवडा प्रत्यक्ष सर्व्हरवर चाचणी घ्यावी. आणि जो तरुण मदतीस येईल त्याला चहाच्या आधी ते पान दाखवावे.

शाळेत आम्ही मुलांना सांगतो की पत्र लिहिताना ते कोणाच्या हाती पडणार याचा विचार करावा. अहवाल रचणाऱ्यालाही हेच सांगावयाचे आहे. पण वाचणारा कोण, हे त्याला कळविण्याचे काम संस्थेचे आहे. ट्रस्टच्या पुढील वाटचालीत एकाही पात्र मुलाचे नाव यादीतून सुटू नये आणि मदतीस आलेला एकही हात परत जाऊ नये, अशी इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.