गर्भातील बाळाचे ठोके आणि चुंबक



महिला मंडळाने 'गर्भवती मातेचे आरोग्य' हा विषय सुचविला होता. त्यावर डॉक्टरांनी बोलावे, मी पडलो कला शाखेचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. म्हणून त्यातील एकच गोष्ट घेतो : पोटातल्या बाळाचे हृदय आणि मेंदू, त्याला सुई न टोचता आणि त्याच्याकडे काहीही न पाठवता, चुंबकत्वावरून कसे मोजतात ती.

हृदयाचा प्रत्येक ठोका विजेच्या अतिसूक्ष्म प्रवाहाने पडतो. हा प्रवाह टिपणारा कार्डिओग्राम आपण सर्वांनी पाहिला आहे. मग बाळाचा कार्डिओग्राम आईच्या पोटावरून का निघू नये? जन्मलेल्या बाळाच्या अंगावर लोण्यासारखा पांढरा चिकट थर असतो, तो आपल्या आजीबाईंना चांगला ठाऊक आहे. साधारण अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून पुढचे काही आठवडे हा थर विजेला आडवा येतो. वायरीवर प्लॅस्टिक असावे तसे. परंतु जेथे प्रवाह तेथे चुंबकत्व, आणि चुंबकत्वाला असा थर अडवीत नाही.

अडचण आहे ती मापाची. पृथ्वीचे चुंबकत्व एक कोटी रुपये धरले, तर बाळाच्या हृदयाचे चुंबकत्व सुमारे एक रुपया भरते. मेंदूचे तर पैशाच्याही आत! एवढ्या मोठ्या खात्यात पैशाचा फरक शोधायचा, आणि तेही खाते सतत हलते असताना. जवळून रेल्वे गेली, लिफ्ट हलली तरी आकडे बिघडतात. आपल्या पुणे-सोलापूर रस्त्यावरची वाहतूक डोळ्यांपुढे आणा म्हणजे कल्पना येईल.

या अडचणीचा एक जुना दाखला आपल्या महाराष्ट्रात आहे. मुंबईला कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत असे. पुढे शहरात घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेची ट्राम आणण्याचे ठरले. तिच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार हे ओळखून तेव्हाचे संचालक डॉ. नानाभॉय मूस यांनी चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलविली. १९०४ साली तेथे काम सुरू झाले. इमारत बांधताना चुंबकाला ओढणारे लोखंड कटाक्षाने टाळले. प्रत्यक्ष ट्राम धावली ती १९०७ साली! संकट येण्याआधी तीन वर्षे तयारी ठेवणारे कार्यालय आजही विरळाच.

बाळाच्या मापनासाठी शास्त्रज्ञांनी जाड कवचाची खास खोली बांधली आणि 'स्क्विड' नावाचा संवेदक वापरला. तो द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंशांवर ठेवावा लागतो. फिनलंडमधील संशोधकांनी १९७४ साली गर्भाच्या हृदयाची अशी पहिली नोंद प्रसिद्ध केली. १९८५ साली बर्लिनच्या संशोधकांनी मेंदूची केली. इ. स. २००० मध्ये अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात लिटल रॉक येथे खास गर्भवतींसाठी १५१ संवेदकांचे यंत्र बसले. आई पुढे झुकून त्याच्या खोलगट भागात पोट टेकवून बसते, एवढेच. आपल्या देशात कल्पाक्कमच्या अणुसंशोधन केंद्राने स्क्विड तयार करून हृदय व मेंदू मोजण्याची यंत्रणा उभारली आहे.

"याचा बाळाला त्रास होतो का?" असे उपासिका विचारतील. सोनोग्राफी ध्वनिलहरी आत पाठवते. हे यंत्र काहीच पाठवत नाही, फक्त ऐकते. मुलगा की मुलगी हे त्यातून कळत नाही, तेही बरेच. हृदयाच्या विजेतला जो बिघाड सोनोग्राफीत नीट उमगत नाही, तो यात दिसतो. आणि काही बिघाडांवर आईला औषध देऊन पोटातल्या बाळावर उपचार करता येतात. जे बाळ एरवी अचानक दगावले असते, त्याच्यासाठी याचे मोल किती!

आता मेंदूविषयी. आईच्या पोटावर आवाज दिला असता शेवटच्या तीन महिन्यांत बाळाचा मेंदू प्रतिसाद देतो, हे या यंत्राने दाखविले. हे ऐकताच कोणी म्हणेल, बघा, अभिमन्यूची गोष्ट खरी ठरली! थांबा. आवाज पोहोचणे वेगळे आणि अर्थ कळणे वेगळे. यंत्राला दिसला तो आवाजाचा प्रतिसाद, चक्रव्यूहाचे ज्ञान नव्हे. तरीही पोटातच मूल विद्वान करण्याचे वर्ग शहरांत पैसे घेऊन चालतात, आणि आपल्या शिकलेल्या सुना तेथे जातात. कालामांना तथागतांनी जे सांगितले ते ठाऊक असणाऱ्या घरांत तरी हे होऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच पैशाची डाळ, अंडी आणि दूध आईच्या पोटात गेले तर बाळाला अधिक पोहोचेल.

हे यंत्र कासुर्डीत येणार नाही, दौंडलाही इतक्यात येणार नाही. पण पोटावर डॉप्लर लावून ठोके मोजणारी नर्सताई आहे. ठोके फार संथ, फार जलद वा अडखळते लागले तर बाळाचे हृदय पाहणाऱ्या तज्ज्ञाकडे पाठवा, असे तिला विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या विधेयकाची बाजू मांडली, आणि १९२९ साली तो कायदा झाला. ऊसतोडीला वा वीटभट्टीवर जाणाऱ्या आपल्या भगिनींना तपासणीच्या दिवसाची मजुरी बुडवावी लागते, ती संस्थेने भरून द्यावी. त्यासाठी वेगळा निधी ठेवावा, अशी सूचना मी कार्यकारिणीपुढे मांडतो. त्याचा हिशेब ठेवण्याचे काम माझ्याकडे द्यावे.

जयभीम! नमो बुद्धाय!